‘आर. यू. आर.’चा शेवटचा अंक मराठीत उभा करताना : प्रकल्प नोंदी

३ जून

कारेल चापेक यांच्या ‘आर. यू. आर.’ या चेक नाटकाचा शेवटचा अंक मराठीत करायचे आमच्या गटाने ठरवले आहे. ज्या हौशी संस्थांना पुढे हेच काम हाती घ्यायचे असेल त्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवत आहे. पूर्ण नाटक, म्हणजे सुरुवातीची विनोदी प्रवेशिका आणि त्यानंतरचे तीन अंक, आमच्या आवाक्यात नाही. पात्रे पुष्कळ आहेत आणि कारखान्याला रोबोटांनी घातलेला वेढा दाखवण्याइतकी माणसे आमच्याकडे नाहीत. तिसऱ्या अंकाला मात्र एकच प्रयोगशाळा आणि मोजकी पात्रे पुरतात, आणि नाटकाचा सगळा भार शेवटी ज्याच्यावर येऊन पडतो तो एक थकलेला बांधकाम अभियंता आहे. त्याचे नाव आल्क्विस्ट. रोबोटांनी पृथ्वीवरची बाकी सगळी माणसे मारून टाकली आहेत, रोबोट तयार करण्याची कृती ज्या हस्तलिखितात होती ते जळून गेले आहे, आणि वंश संपत चाललेले रोबोट आता याच अभियंत्याकडे जीवनाचे रहस्य मागत आहेत.

हे काम हौशी गटाने करण्यास काहीच हरकत नाही, याचा सर्वांत जुना दाखला या नाटकाच्याच इतिहासात आहे. प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात ते २५ जानेवारी १९२१ रोजी आले. पण तो प्रयोग लांबणीवर पडलेला असताना ह्रादेत्स क्रालोवे या गावच्या हौशी मंडळींनी २ जानेवारीलाच ते करून टाकले होते. गटातील नव्या मुलांना पहिल्याच बैठकीत ही गोष्ट आवर्जून सांगितली.

९ जून

संहितेचा प्रश्न सर्वांत आधी सोडवावा लागला. आमच्यापैकी बहुतेकांनी हा शेवट इंग्रजीतून वाचलेला होता आणि त्या वाचनात नाटक एका विशिष्ट ठिकाणी संपत होते : प्रिमुस आणि हेलेना हे दोन तरुण रोबोट एकमेकांसाठी मरायला तयार होतात, आल्क्विस्ट त्यांना आदम आणि हव्वा म्हणून निरोप देतो, जग आता तुमचे आहे असे सांगतो आणि पडदा पडतो. न्यूयॉर्कच्या थिएटर गिल्डने १९२२ साली केलेल्या प्रयोगाचे छापील रूप असेच संपते. गटातील एका ताईंना नोकरीनिमित्त प्रागमध्ये राहिल्यामुळे चेक चांगले येते. त्यांनी मूळ पाठ काढून वाचला तेव्हा चित्र पूर्ण बदलले. मूळ नाटकात ती दोघे निघून गेल्यावरही आल्क्विस्ट रंगमंचावर उरतो. तो दार लावून घेतो, टेबलावरच्या परीक्षानळ्या जमिनीवर लोटतो, पुस्तके भिरकावतो, बायबल उघडून सृष्टीच्या सहाव्या दिवसाचा भाग मोठ्याने वाचतो आणि मग आपल्या मेलेल्या सहकाऱ्यांना उद्देशून एक लांब स्वगत बोलतो. डामोन हा रोबोटांचा पुढारीही त्या इंग्रजी रूपात उरलेला नाही. त्याचे काम राडिउस या दुसऱ्या रोबोटाकडे गेले आहे.

या फरकामुळे आम्ही इंग्रजीवरून केलेला कच्चा मसुदा बाजूला ठेवला आणि चेक पाठावरून नवी संहिता सुरू केली. हक्कांच्या दृष्टीनेही हेच सोयीचे ठरले. चापेक २५ डिसेंबर १९३८ रोजी वारले, त्यामुळे भारतातील प्रताधिकाराची साठ वर्षांची मुदत १९९८ अखेर संपलेली आहे. परंतु इंग्रजी अनुवादक पॉल सेल्व्हर १९७० साली वारले, म्हणून त्यांच्या अनुवादावरून मराठी करणाऱ्यांनी हक्कांची चौकशी स्वतंत्रपणे करावी.

२३ जून

संहिता पूर्ण झाली आणि मराठी प्रत रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवली. तिकीट असो वा नसो, जाहीर प्रयोगासाठी प्रमाणपत्र लागते, म्हणून हे काम तालमी रंगात येण्याआधी उरकलेले बरे. पहिले वाचन पाऊण तासाच्या आत संपले.

आल्क्विस्टचे काम आमच्या गटातले काका करणार आहेत. ते स्वतः निवृत्त बांधकाम अभियंते आहेत आणि या भूमिकेकडे त्यांनी सुरुवातीपासून तत्त्वज्ञ म्हणून न पाहता बांधकामावरचा माणूस म्हणून पाहिले, याचा पुढे फार उपयोग झाला.

३० जून

आजच्या वाचनाला बाहेरची चार-पाच माणसे बोलावली होती. त्यांना नाटक माहीत नव्हते, आणि एक मोठी अडचण लगेच दिसली : तिसरा अंक एकटाच केला तर आल्क्विस्ट कोण, तोच एकटा का वाचला आणि त्याच्या दुःखाचे मूळ काय, हे प्रेक्षकाला कळायला काही मार्ग राहत नाही. यावर आम्ही सूत्रधाराचे एक निवेदन लिहून पाहिले. त्यात रोबोटांचा जनक रोसुम याचा शोध, बेटावरचा कारखाना, मूळ हेलेनाने (ही माणूस; रोबोट हेलेना तिच्यावरून घडवलेली) जाळलेले हस्तलिखित आणि बंड हे सगळे आले. पण ते व्याख्यानासारखे झाले आणि ते ऐकून झाल्यावर प्रेक्षकाला आल्क्विस्टविषयी काहीच वाटेना. निवेदन काढून टाकले.

त्याऐवजी नाटकातलेच दोन तुकडे आधी जोडले. पहिला तुकडा पहिल्या अंकातला आहे : मनात भीती दाटली की आपण कामाचे कपडे चढवून परांचीवर चढतो आणि विटा रचत बसतो, हातात विटेचे वजन आले की बरे वाटते, असे आल्क्विस्ट या मूळ हेलेनाला सांगतो. दुसरा तुकडा दुसऱ्या अंकाच्या अखेरचा आहे. रोबोट आत घुसून सगळ्यांना मारतात, पण राडिउस आल्क्विस्टला मारू देत नाही, कारण तो रोबोटांप्रमाणे हातांनी काम करतो, घरे बांधतो. हे दोन्ही मिळून काही मिनिटांचेच प्रवेश आहेत, आणि त्यांच्यामुळे तिसरा अंक उभा राहतो. हा अंक एकटा करू पाहणाऱ्या प्रत्येकाला माझे सांगणे आहे की हे दोन तुकडे सोडू नका. निवेदनाने हे काम होत नाही.

१३ जुलै

नेपथ्य. चापेकांच्या रंगसूचनेत मागचे दार उघडले की एकापुढे एक अशा प्रयोगशाळांची न संपणारी रांग दिसते. प्रागच्या पहिल्या प्रयोगाचे नेपथ्य बेद्रिख फॉयरस्टाइन या वास्तुविशारदाने केले होते आणि वेशभूषा चापेकांचे बंधू योसेफ यांनी. आमच्याकडे दाराच्या मागे फक्त आठ फूट खोली आणि काळा पडदा आहे. सुताराकडून तीन रिकाम्या चौकटी करून घेतल्या, प्रत्येक पुढची आधीपेक्षा लहान, आणि त्या दारामागे एकामागे एक उभ्या करून प्रत्येकीत एक बारीक दिवा लावला. लाकूड, सुताराची मजुरी आणि रंग मिळून ६,८०० रुपये झाले.

दार जोरात उघडले की तिन्ही चौकटी हलत आणि भ्रम लगेच मोडे. मागून लाकडी टेकू देऊन पायथ्याशी वाळूच्या पिशव्या ठेवल्यावर हलणे थांबले. शिवाय मध्यभागी बसलेल्या प्रेक्षकाला रांग खोल वाटते, पण कडेच्या खुर्च्यांवरून चौकटींच्या कडा उघड्या पडतात. म्हणून दोन्ही बाजूंच्या टोकाच्या खुर्च्या विकायच्या नाहीत असे ठरवले आहे.

१४ जुलै

रोबोटांचे कपडे. चंदेरी रंग आणि पत्रा आणण्याचा मोह नव्या मुलांना झाला होता, तो नाटकाच्या विरुद्ध आहे. चापेकांचे रोबोट कणकेसारख्या जिवंत द्रव्यापासून तयार केलेले आहेत. त्यांना नसा, हाडे आणि त्वचा आहे, आणि ते दिसायला माणसांसारखेच आहेत. रंगसूचनेप्रमाणे साधे सुती सदरे, कमरेला पट्टा आणि छातीवर पितळी क्रमांक एवढेच ठेवले. पितळी बिल्ले एका शिक्के करणाऱ्या दुकानातून प्रत्येकी ९० रुपयांना मिळाले.

२७ जुलै

डामोनचा प्रवेश बसायला तयार नाही. रोबोटांची समिती येते. कोळसा निघतो आहे, कारखान्यातल्या चात्या रात्रंदिवस फिरत आहेत, तयार झालेला माल ठेवायला जागा उरलेली नाही, आणि तरीही रोबोट मरत आहेत आणि वीस वर्षांत कोणी उरणार नाही, असे ते हिशेब वाचल्यासारखे सांगतात. आपण केवळ बांधकाम करणारा आहोत, आपल्याला यातले काही कळत नाही, असे आल्क्विस्ट परोपरीने सांगतो. शेवटी जिवंत शरीरे घे असे डामोन म्हणतो, तेव्हा आल्क्विस्ट त्यालाच निवडतो आणि तो तयार झाल्यावर त्याला घेऊन शवविच्छेदनाच्या खोलीत जातो.

आम्ही उजव्या बाजूला पांढरा पडदा लावून मागून लाल प्रकाशात सावल्या दाखवल्या होत्या. तालमीत ते भीतिपटासारखे दिसले आणि पाहणारे हसले. सावल्यांचा आकार लहान करून पाहिला, लाल रंग काढून निळा लावला, तरीही लक्ष सावलीच्या करामतीकडेच जात राहिले.

३ ऑगस्ट

पडदा आणि सावल्या पूर्णपणे काढून टाकल्या. आता रंगमंचावर उरलेले रोबोट स्थिर उभे राहतात, उजवीकडचे दार बंद असते आणि आतून फक्त आवाज येतो. आवाज ध्वनिमुद्रित करून स्पीकरवरून सोडला तेव्हा तो सभागृहाच्या छतातून आल्यासारखा वाटला. डामोनचे काम करणाऱ्या मुलाने दाराआडून प्रत्यक्ष ओरडायला सुरुवात केल्यावर जागा बरोबर लागली. मग आल्क्विस्ट रक्ताळलेल्या हातांनी बाहेर येतो, आणि त्याच्यामागे डामोन लडखडत येऊन आपल्याला जगायचे आहे असे म्हणतो. त्या क्षणी आल्क्विस्ट स्वतःच्या हातांशी बोलतो. ज्या हातांना प्रामाणिक कामाची आवड होती त्यांनी हे कसे केले, असा त्याचा प्रश्न आहे.

हे वाक्य तालमीत प्रथमच स्वच्छ ऐकू आले आणि आमच्या सगळ्या कामाची दिशा ठरली. विटा रचणारे हात, ज्यांच्यासाठी राडिउसने त्याला जिवंत ठेवले ते हात आणि आता सुरी धरलेले हात हे एकच आहेत. या अंकाच्या शेवटी, अगदी शेवटच्या रंगसूचनेत, आल्क्विस्ट दोन्ही हात पुढे पसरतो. चापेकांनी हा धागा पहिल्या अंकापासून इतक्या निगुतीने आणला आहे की शेवटचे स्वगत गाळणारा माणूस केवळ एक भाषण गाळत नाही, तर त्या हातांची सुटका गाळतो. स्वगत ठेवायचे की नाही याविषयी गटात जी चर्चा रेंगाळली होती ती माझ्यापुरती येथे संपली.

१० ऑगस्ट

प्रकाशयोजनेत बराच वेळ गेला. टेबलावर लोंबणाऱ्या दिव्यांची रांग संहितेतच आहे, आणि आल्क्विस्ट कोचावर झोपी गेल्यावर डावीकडच्या खिडकीतून पहाट उजाडायला हवी. बाजारातले साधे एलईडी दिवे आणले होते. सभागृहाच्या जुन्या डिमरवर ते मंद होण्याऐवजी फडफडू लागले आणि तळाशी येताच एकदम विझले. तारेचे जुने पिवळे दिवे शोधून आणावे लागले. ते आता सहजी मिळत नाहीत. एका जुन्या विद्युत साहित्याच्या दुकानात ४० वॅटचे मिळाले. एलईडी दिव्यांवर घातलेले १,४०० रुपये वाया गेले, दुकानदाराने परत घेतले नाहीत.

खिडकीमागे एक हजार वॅटचा दिवा खालून वर रोखून लावला आणि टेबलावरचे दिवे त्याच वेगाने उतरवले. हा बदल प्रेक्षकाच्या लक्षात येऊ नये इतका संथ ठेवावा लागतो. हेलेना खिडकीशी जाऊन सूर्य आणि पक्षी यांविषयी बोलते तेव्हा पहाट आधीच झालेली असली पाहिजे. तिच्या वाक्यावर दिवा वाढवला की ते तिच्या आज्ञेवरून झाल्यासारखे दिसते.

१७ ऑगस्ट

प्रिमुस आणि हेलेना यांचा प्रवेश. दोन्ही तरुण कलाकारांनी तो सुरुवातीला प्रेमप्रवेश म्हणूनच केला आणि तो गोड झाला. परंतु या दोघांना आपल्याला काय होत आहे हे माहीतच नाही. हेलेनाला एक सोडून दिलेले घर आणि बाग सापडली आहे, तिथे कुत्री आणि त्यांची पिल्ले आहेत, त्यांना मांडीवर घेऊन बसले की सूर्य मावळेपर्यंत काही हवेसे वाटत नाही, आणि या सगळ्याचा उपयोग काय हे तिला सांगता येत नाही. डॉक्टर गाल यांनी मूळ हेलेनासारखी हुबेहूब घडवलेली ही मुलगी कोणत्याच कामाची नाही, हेच तिचे वैशिष्ट्य आहे. स्वर वर नेण्याऐवजी दोघांना रोबोटाच्याच तुटक बोलण्यात ठेवले आणि ते बोलणे एकेका वाक्यात अडखळत मऊ होऊ दिले. आरशासमोर प्रिमुस तिला सुंदर म्हणतो, तिथे दोघे पहिल्यांदा हसतात, आणि या हसण्यानेच आल्क्विस्टला जाग येते. हे हसू तालमीत खोटे येत होते. कलाकारांना हसण्याची जागा ठरवून न देता, हेलेनाने त्याचे केस दर वेळी वेगळ्या रीतीने विंचरावेत एवढीच सूचना दिली. त्यानंतर ते आपोआप आले.

२४ ऑगस्ट

परीक्षेचा प्रवेश काकांनी सोडवला. आल्क्विस्ट प्रिमुसला सांगतो की या मुलीला चिरायचे आहे. प्रिमुस आधी धमकावतो आणि मग स्वतःला पुढे करतो. मग आल्क्विस्ट हेलेनाला सांगतो की प्रिमुसला चिरायचे आहे; ती खिडकीतून उडी टाकायला निघते आणि मग तीही स्वतःला पुढे करते. आम्ही हे आल्क्विस्टच्या क्रौर्याच्या सुरात बसवले होते, आणि त्यामुळे पुढचा आशीर्वाद कुठून आला हे समजत नव्हते. काका म्हणाले, “मी स्लॅबवर भार टाकून बघतो आहे. तो पडावा म्हणून मी भार टाकत नसतो. तो टिकावा अशी माझी इच्छा असते, पण भार मात्र पूर्ण टाकावा लागतो.” त्यांनी आवाज खाली आणला, घाई काढून टाकली आणि प्रत्येक धमकीनंतर समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत थांबायला सुरुवात केली. प्रवेश लांबला तरी एकही वाक्य जड वाटले नाही. रोबोटाच्या डोळ्यांत पाणी पाहून आल्क्विस्टला बसणारा धक्काही आता खरा वाटतो.

३१ ऑगस्ट

काचेच्या नळ्या. जमिनीवर खरी काच सांडली तर ती उडून पहिल्या रांगेपर्यंत जाते, आणि काकांना पुढचे स्वगत तिच्यावरून चालत करावे लागते, म्हणून खरी काच बाद केली. प्लॅस्टिकच्या नळ्या पडल्याचा आवाज पोकळ येतो. आता टेबलावर प्लॅस्टिकच्याच नळ्या आहेत, आणि टेबलाच्या अगदी मागे, विंगेत, फुटक्या काचांनी भरलेली लाकडी पेटी एक जण उचलून आपटतो. पेटी सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला ठेवून पाहिली होती; आवाज उशिरा आल्यासारखा वाटत होता. दोन्ही एकाच बाजूला ठेवणे अत्यावश्यक आहे. पेटी आपटणाऱ्याने जाड हातमोजे घालावेत.

७ सप्टेंबर

निमंत्रितांसमोर पूर्ण तालीम केली. शेवट दोन प्रकारे करून पाहिला. आधी आल्क्विस्टच्या निरोपावर, म्हणजे दोघे दारातून निघून जातात तिथे, पडदा टाकला. टाळ्या भरपूर मिळाल्या आणि नंतरच्या चर्चेत सगळे प्रिमुस-हेलेना यांच्याविषयीच बोलले. आल्क्विस्टचे नाव जवळजवळ कोणी काढले नाही. मग थोडी विश्रांती घेऊन शेवटचा भाग मूळ पाठाप्रमाणे केला. दोघे गेल्यावर प्रेक्षकांनी पुन्हा टाळ्या सुरू केल्या आणि त्या टाळ्यांत काकांची पहिली वाक्ये बुडाली. स्वगत आगंतुक वाटले.

दोष स्वगतात नव्हता, आमच्या मांडणीत होता. निरोपाच्या वाक्याला आम्ही बासरी लावली होती आणि दार बंद होताना प्रकाश उतरवला होता. नाटक संपल्याची खूण आम्हीच देत होतो.

१४ सप्टेंबर

बासरी काढली. निरोपावर प्रकाशात काहीही बदल करायचा नाही असे ठरवले. काका दार लावतात आणि न थांबता, एखादे राहिलेले काम उरकावे तसे, टेबल मोकळे करायला घेतात. नळ्या पडतात, पुस्तके पडतात, आणि हे काम चालू असतानाच ते बोलू लागतात. टाळ्यांना जागाच मिळत नाही. बायबलचा उत्पत्तीमधला भाग आम्ही स्वतः भाषांतरित केला नाही, प्रचलित मराठी बायबलमधला जसाच्या तसा घेतला, कारण चर्चमध्ये जाणाऱ्या प्रेक्षकाला तो ओळखीचा वाटला पाहिजे. त्यानंतर आल्क्विस्ट रोसुम, फाब्री आणि गाल या रोबोट घडवणाऱ्यांना विचारतो की त्या मुलीच्या आणि त्या मुलाच्या तुलनेत तुम्ही असे मोठे काय शोधून काढले. मग लूकच्या शुभवर्तमानातील शिमोनाच्या शब्दांत तो देवाकडे निरोप मागतो, आणि जीवन नष्ट होणार नाही, हे पुनःपुन्हा म्हणतो.

हे शेवटचे उद्गार काका आधी ओरडून म्हणत आणि घसा बसत असे. आवाज चढवायचा नाही, फक्त हात पुढे न्यायचे, आणि तेही एकदम नव्हे, पहिल्यांदा ते स्वतःकडे वळवून पाहायचे, एवढा बदल केला. डामोनच्या प्रवेशात ज्या हातांची त्यांना शिसारी आली होती तेच हात ते आता पुढे करतात, हे दहाव्या रांगेतूनही स्पष्ट दिसते.

२२ सप्टेंबर

प्रयोग झाला. चौकटी हलल्या नाहीत, डिमरने साथ दिली आणि निरोपानंतर टाळी पडली नाही. खर्च सभागृहाचे भाडे धरून २३,००० रुपयांच्या आसपास गेला. तिकिटांतून त्याचा निम्म्याहून थोडा अधिक भाग भरून निघाला, बाकीचा सदस्यांनी वाटून घेतला. पुढच्या प्रयोगापूर्वी दोन गोष्टी करायच्या आहेत. पहिल्या अंकातल्या तुकड्यातून दुसऱ्या अंकाच्या तुकड्यात जाताना होणारा अंधार फार लांबतो. तिथे कपडे बदलणे टाळण्यासाठी आल्क्विस्टला सुरुवातीपासून कामाच्या कपड्यांतच ठेवावे लागेल. दुसरे म्हणजे सभागृहाचा पडदा यंत्रावर चालतो आणि त्याचा वेग कमी करता येत नाही. काकांचे हात पूर्ण पसरण्याआधीच तो अर्ध्यावर आला होता. पुढच्या वेळी पडदा न टाकता प्रकाशच उतरवायचा, आणि खिडकीमागचा दिवा सर्वांत शेवटी विझवायचा.